तिष्ठणाऱ्यांचा हिशेब

'लीन' हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. आपल्याकडे भक्त ईश्वरचरणी लीन होतो, श्रोता सुरांत लीन होतो, आणि वडीलधाऱ्यांसमोर धाकट्यांनी लीन असावे अशी निदान अपेक्षा तरी असते. गेल्या दोन-तीन दशकांत हाच ध्वनी व्यवस्थापनशास्त्राच्या वाटेने आपल्या भाषेत दुसऱ्यांदा शिरला. 'लीन मॅनेजमेंट', 'लीन मॅन्युफॅक्चरिंग', 'लीन कन्स्ट्रक्शन' हे शब्दप्रयोग आता कारखान्यांच्या फलकांवर, अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत आणि सरकारी परिपत्रकांतही आढळतात. केंद्र सरकारने सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठी या नावाची एक योजना २००९ साली आणली आणि मार्च २०२३ मध्ये तिचे नव्याने उद्घाटन केले. या दुसऱ्या 'लीन'चा अर्थ कृश, अंगावर फाजील मांस नसलेला असा आहे. दोन्ही शब्दांचे कूळ निराळे. जुळले आहेत ते केवळ उच्चार.

पारिभाषिक शब्दाचा सोयीचा अर्थ घेतला की शास्त्राचेही सोयीचे रूप पदरात पडते. 'लीन' म्हणजे कृश असे एकदा ठरले, की कारखाना कृश करण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे माणसे कमी करणे. आपल्याकडील बहुतेक नोकरदारांच्या कानांत या शब्दाचा हाच अर्थ बसलेला आहे. मूळ विचार मात्र तसा नाही. तो एका प्रश्नाभोवती उभा आहे: कामातील कोणता भाग वाया जातो? आणि 'वाया' हा शब्द कोणाच्या बाजूने वाचायचा, यावर त्या प्रश्नाचे उत्तर अवलंबून असते. शब्द कोणाच्या बाजूने वाचावा हा तर साहित्याच्या अभ्यासकांचा रोजचा व्यवसाय. म्हणून या विषयात शिरण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. आम्ही अभियंते नाही. मराठी शिकविण्यात आयुष्य गेले आणि ते बहुतांशी विलेपार्ल्यात गेले, एवढेच आमचे भांडवल.

प्रथम मूळ विचार थोडक्यात पाहू. ताइची ओनो हे जपानी गृहस्थ १९३२ साली टोयोडा घराण्याच्या कापडगिरणीत नोकरीस लागले आणि १९४३ साली त्याच घराण्याच्या मोटार कंपनीत गेले. गिरणगावच्या शहरातील वाचकांनी हा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे: मोटारींच्या उत्पादनाचे नवे शास्त्र मांडणारा माणूस मागांच्या खडखडाटातून आला होता. या घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोडा यांनी असा माग तयार केला होता की धागा तुटताच तो आपोआप थांबे. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा थांबणे बरे, हे तत्त्व तेथून आले. पुढे टोयोटाच्या कारखान्यात ते माणसांना लागू झाले. काही चुकते आहे असे दिसले तर साध्या कामगारानेही दोरी ओढून सूचना द्यावी, आणि दोष जागीच दूर झाला नाही तर जुळणीची सारी रांग थांबावी, अशी व्यवस्था झाली.

ओनो यांच्या मांडणीत तीन शब्द नेहमी जोडीने येतात: मुदा, मुरा आणि मुरी. मुदा म्हणजे वाया जाणे, मुरा म्हणजे ओढाताण, कधी रिकामपण तर कधी धांदल, आणि मुरी म्हणजे माणसावर वा यंत्रावर पडणारा अतिरेकी भार. मुदाचे त्यांनी सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा अधिक उत्पादन, तिष्ठत राहणे, मालाची निष्कारण ने-आण, नको इतकी प्रक्रिया, साठा, माणसाची निरर्थक हालचाल आणि सदोष माल. त्यांच्याविषयी असेही सांगतात की ते जमिनीवर खडूने वर्तुळ काढीत, नवख्या अभियंत्याला त्यात उभे करीत आणि तासन्‌तास समोरचे काम नुसते पाहावयास लावीत. मत देण्यापूर्वी पाहणे, पुन्हा पाहणे, ही शिस्त आमच्या ओळखीची वाटली. कवितेच्या तासाला विद्यार्थ्यांकडून आम्ही हेच मागत आलो.

या शास्त्राच्या पाठीशी एक करारही आहे आणि त्याचा उल्लेख सहसा टाळला जातो. १९५० साली टोयोटा आर्थिक संकटात सापडली, मोठा संप झाला, बऱ्याच कामगारांना जावे लागले आणि अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनीही राजीनामा दिला. त्या कटू प्रसंगानंतर व्यवस्थापन आणि कामगार यांच्यात हळूहळू एक समजूत रुजली. कायम कामगाराला नोकरीची शाश्वती द्यायची आणि त्याने कामाची पद्धत सुधारण्यात आपले डोके घालायचे. जो माणूस आपले काम सोपे करण्याची युक्ती सांगतो त्याचीच त्या युक्तीमुळे नोकरी जाणार असेल, तर तो युक्ती सांगणार नाही. इतके साधे हे तर्कशास्त्र आहे. 'लीन' हे नाव या पद्धतीला पुष्कळ उशिरा मिळाले. १९८८ साली जॉन क्राफसिक या अमेरिकी अभ्यासकाने एका लेखात ते वापरले आणि १९९० साली वोमॅक, जोन्स आणि रूस यांच्या पुस्तकाने ते जगभर नेले. नाव प्रवासाला निघाले, करार मागे राहिला.

हे सारे दूर जपानातले, असे म्हणून मराठी माणसाला हात झटकता येणार नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर कारखाना आणि त्याबरोबर वसाहत उभी केली, हे सर्वज्ञात आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्याची दुसरी बाजू अधिक परिचयाची असते. त्या कारखान्याचे वृत्त देण्यासाठी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली, शंकरराव किर्लोस्करांनी ती वाढविली आणि तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. 'स्त्री' आणि 'मनोहर' ही तिची धाकटी भावंडे. म्हणजे आपल्या नियतकालिकांच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण नांगर बनविणाऱ्या कारखान्याच्या अंगणात सुरू होते. कारखान्यातील माणसाला वाचावयास काही हवे, त्याला कारखान्याची खबर हवी, ही दृष्टी त्या काळी होती.

त्याच किर्लोस्कर घराण्याच्या एका शाखेने १९९७ साली टोयोटाशी भागीदारी केली आणि बंगळुरूजवळ बिडदी येथे मोटारींचा कारखाना निघाला. जगातील सर्वांत गाजलेली उत्पादनपद्धती अशा रीतीने एका मराठी आडनावाच्या हातात हात घालून भारतात आली. परंतु नोव्हेंबर २०२० मध्ये तेथे टाळेबंदी जाहीर झाली. कामगारांची तक्रार वाढत्या कामाच्या भाराविषयी होती, व्यवस्थापनाचा आक्षेप बेशिस्तीविषयी होता. या वादात न्याय कोणाच्या बाजूला होता हे ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमचे लक्ष गेले ते तक्रारीच्या भाषेकडे. कामगार जे बोलत होते त्याला ओनो यांच्या शब्दकोशात 'मुरी' हे नाव आधीपासून होते. तीन शब्दांपैकी मुदा सर्वांच्या तोंडी असतो. मुरी हा शब्द उच्चारण्याची वेळ बहुधा कामगारावरच येते.

आता पार्ल्यात येऊ. आमच्या पिढीच्या पार्लेकरांना कारखाना म्हणजे काय हे प्रथम नाकाने कळले. रेल्वे फाटकानजीक पूर्वेला मोहनलाल दयाळ चौहान यांनी १९२९ साली गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना काढला, दहा-एक वर्षांनी तेथे बिस्किटे होऊ लागली, आणि उपनगराचे नाव देशभर पुड्यांवरून पोहोचले. लोकलमधून डोळे मिटून जाणाऱ्यालाही पार्ले आल्याचे भाजलेल्या पिठाच्या आणि साखरेच्या वासावरून समजे. शाळेत आम्हांला हा कारखाना पाहावयास नेले होते. पीठ मळले जाते, साच्यातून पडते, लांबलचक भट्टीतून सरकत जाते, पलीकडून बिस्किटे निघतात. कोठेही ढीग नाही, कोणी हातात काही घेऊन उभा नाही. प्रवाह या शब्दाचा औद्योगिक अर्थ त्या वयात आम्हांला न शिकविता समजला.

त्या भेटीत एक गोष्ट मात्र विचित्र वाटली होती. भट्टीतून निघालेली बिस्किटे थेट पुड्यात जात नव्हती. ती उघड्या पट्ट्यावरून बराच वेळ संथपणे फिरत राहात. आमच्यापैकी एकाने विचारले, तर दाखविणारे गृहस्थ म्हणाले, "निवू द्यावी लागतात, बाळ. गरम गरम बांधली तर पुड्यात मोडतील." नंतर वाचनात आले की हे अक्षरशः खरे आहे. कडेचा आणि मधला ओलावा सारखा व्हावयास वेळ लागतो. तो मिळाला नाही तर बिस्किटाला केसासारख्या भेगा पडतात. हा निवण्याचा वेळ वरकरणी रिकामा दिसतो. प्रत्यक्षात तो बिस्किटाचाच एक घटक आहे, मैद्याइतका.

२०१६ साली या कारखान्यातील उत्पादन थांबले. येथील उत्पादन घटले होते आणि जुना कारखाना चालविणे परवडत नव्हते, असे कारण त्या वेळी प्रसिद्ध झाले. कंपनीचे इतर कारखाने अनेक आहेत आणि बिस्किटाचा तुटवडा कोठे जाणवला नाही. हिशेबाच्या दृष्टीने हा निर्णय समजण्याजोगा आहे. शहराच्या मध्यभागी जमिनीचे मोल इतके वाढते की तिच्यावर काही बनविणे हीच उधळपट्टी ठरते. मुंबईच्या कापडगिरण्यांनी हे आधी पाहिले होते. त्या गिरण्यांच्या शेवटाची कथा जयंत पवारांच्या 'अधांतर'ने रंगभूमीवर आणली. बिस्किटांच्या कारखान्याचे असे काही झाले नाही, कारण तेथे कोणताही मोठा कलह झाला नाही. वास तेवढा गेला. पुडा मात्र सुरू राहिला, आणि किंमत वर्षानुवर्षे तीच ठेवण्यासाठी तो हलका होत गेला. कृश होणे आणि नेटके होणे यांतील अंतर विद्यार्थ्यांना समजावून द्यावयाचे झाले, तर याहून सोपा दृष्टान्त आम्हांला सुचत नाही.

कारखाना गेला, पण पार्ल्यात काम चालू असल्याचा आवाज काही थांबला नाही. आता तो इमारतींचा आहे. १९६० च्या आसपास बांधलेल्या तीन-चार मजली सोसायट्या एकामागून एक पडत आहेत आणि त्यांच्या जागी उंच इमारती येत आहेत. आमचीही इमारत त्यांतलीच. सोळा बिऱ्हाडांनी घरे रिकामी केली तेव्हा करारात तीस महिन्यांची मुदत होती. प्रत्यक्षात परतावयास जवळजवळ सहा वर्षे लागली. विकासकाचे नाव येथे अप्रस्तुत आहे. ज्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांना स्वतःच्या विकासकाचे नाव तेथे घालता येईल. या सहा वर्षांतील बराच काळ आम्ही समोरच्याच गल्लीत भाड्याने राहात होतो, आणि आमच्या खिडकीतून बांधकाम संपूर्ण दिसत असे. निवृत्तीचे दिवस, हाताशी वही. ओनो यांच्या खडूच्या वर्तुळाविषयी नुकतेच वाचले होते. आम्ही खिडकीलाच वर्तुळ मानले आणि जे दिसेल ते वेळेसह लिहीत गेलो.

वहीची पाने आज चाळली तर एकच क्रियापद सर्वाधिक वेळा आढळते: 'थांबला आहे'. गवंडी रेतीसाठी थांबला आहे. रेती आली आहे, पण लिफ्टचे बकेट लोखंड चढविण्यात गुंतले आहे. फिटरने स्लॅबचे लोखंड बांधून ठेवले आहे, पण विजेच्या नळ्या टाकणारा दुसऱ्या साइटवर आहे. रेडीमिक्सची गाडी फाटकाशी घरघरत उभी आहे आणि वर सेंट्रिंगवाला अजून एका कोपऱ्याला टेकू देतो आहे. पाणी मिसळल्यापासून साधारण दोन तासांत काँक्रीट ओतून व्हावयास हवे, म्हणून मग आरडाओरडा, धावाधाव. जी मंडळी सकाळभर रिकामी बसली होती ती दुपारी जिवाच्या आकांताने पळत होती. मुदातून मुरा आणि मुरातून मुरी कशी जन्मते हे आम्हांला पुस्तकातून पटले नसते इतके त्या दुपारी पटले. लाद्यांची कथा तर प्रहसन म्हणून लिहावी अशी. भिंतींना गिलावा होण्याच्या कितीतरी आधी लाद्या आल्या. प्रथम त्या रस्त्याकडेला उतरल्या, तेथून पालिकेच्या भयाने स्टिल्टखाली, तेथून गाड्यांना अडथळा म्हणून चौथ्या मजल्यावर, आणि चौथ्याचे काम निघाले तेव्हा गच्चीवर. प्रत्येक मुक्कामाला काही फुटल्या.

बांधकाम आणि कारखाना यांत एक मूलभूत भेद आहे. कारखान्यात माल सरकतो आणि माणूस जागेवर असतो. बांधकामात वस्तू जागेवर असते आणि माणसे तिच्याभोवती येतात, एकमेकांच्या पायांत येतात आणि निघून जातात. शिवाय प्रत्येक साइट हा नवा कारखाना, प्रत्येक टोळी निराळ्या ठेकेदाराची. म्हणून टोयोटाचे धडे येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. फिनलंडचे लौरी कोस्केला यांनी १९९२ साली स्टॅनफर्ड येथे असताना या प्रश्नाला प्रथम व्यवस्थित हात घातला. बांधकाम म्हणजे सुट्या कामांची बेरीज नव्हे, एका हातून दुसऱ्या हाती जाणारा तो प्रवाह आहे, आणि उशीर कामांत नसून कामांच्या सांध्यांत असतो, असे त्यांचे सांगणे. अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी साधी मोजणी केली. आठवड्याच्या आरंभी जी कामे 'या आठवड्यात होतील' म्हणून लिहिली गेली, त्यांपैकी शनिवारपर्यंत किती झाली? उत्तर आले, जेमतेम निम्मी. आमच्या पार्ल्यातील साइटला लाजण्याचे कारण उरले नाही.

बॅलार्ड यांचा उपाय ऐकावयास फार किरकोळ वाटतो. कार्यालयात बसून आखलेल्या वेळापत्रकावर विसंबू नका. जो माणूस अखेरीस टोळीला कामाला लावतो त्याला विचारा. त्याला त्यांनी 'शेवटचा नियोजक' म्हटले आहे. आपल्याकडे तो मुकादम. त्याने येत्या आठवड्याचे वचन द्यावे, पण त्याआधी रेती, लोखंड, नकाशा, आधीच्या टोळीचे काम, सारे तयार आहे का हे पाहावे; आणि तयार नसेल तर 'होणार नाही' असे सांगण्याची त्याला मुभा असावी. वचन मोडले तर शिव्या न देता कारण लिहून ठेवावे आणि ते कारण दूर करावे. एवढेच. २०१८ साली या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद चेन्नईत भरली होती, तेव्हा हा विचार आपल्या देशातील जाणकारांना अपरिचित आहे असेही नव्हे.

आमच्या साइटवर जालन्याकडचे एक मुकादम होते. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यांची-आमची भेट होई. वहीतील नोंदी आम्ही त्यांना वाचून दाखविल्या तेव्हा ते हसले.

"सर, तुम्ही वरून बघता ते आम्ही खालून रोज बघतो," ते म्हणाले.

"मग सांगत का नाही, मुकादम? नळ्या पडल्याशिवाय स्लॅब होणार नाही हे तुम्हांला सोमवारीच ठाऊक असतं."

"ठाऊक असतं की. पण साहेबाला 'नाही होणार' म्हणायची सोय आहे का? 'नाही' म्हटलं की दुसरा मुकादम आणतील. 'होईल' म्हणायचं. मग नाही झालं की शिव्या खायच्या. शिव्या खाऊन पोट तरी भरतं, सर."

या तीन-चार वाक्यांत आम्हांला बॅलार्ड यांच्या साऱ्या सिद्धान्ताचा गाभा मिळाला. जेथे नकार देता येत नाही तेथे होकाराला किंमत नसते. 'होईल' हा शब्द अशा ठिकाणी भविष्यकाळ दाखवीत नाही. तो केवळ विनयदर्शक असतो. टोयोटाच्या कामगाराच्या हातातील दोरी आणि मुकादमाच्या तोंडातील 'नाही' ही एकच वस्तू आहे. ती दिल्याखेरीज आणलेले सारे तक्ते, रंगीत चिठ्ठ्या आणि प्रशिक्षणवर्ग हे नुसते मखर.

हे आपल्याकडे जमतच नाही असेही नाही. पार्ल्याच्या स्थानकावरून सकाळी दक्षिणेकडे जाणारे डबे आम्ही लहानपणापासून पाहात आलो आहोत. झाकणावरील थोडी अक्षरे आणि अंक यांवर उगम, उतरावयाचे स्थानक, इमारत आणि मजला इतके सारे मावते. डबेवाल्याकडे गोदाम नाही, साठा नाही, आजचा डबा उद्यावर टाकण्याची शक्यताच नाही. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली आरंभिलेली ही व्यवस्था व्यवस्थापनाच्या वर्गांत कौतुकाने शिकविली जाते, परंतु कौतुक बहुधा खुणांच्या लिपीचे होते. आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की डबेवाला कोणाचा नोकर नसतो. तो आपल्या गटाचा भागीदार असतो. किती डबे पेलतील हे तो आणि त्याचे सोबती ठरवितात. म्हणून त्याने दिलेले वेळेचे वचन हे खरोखर त्याचे वचन असते. करोनाच्या काळात कार्यालये बंद पडली तेव्हा या मंडळींवर कठीण प्रसंग आला आणि त्यांची संख्या बरीच घटली. उत्तम पद्धतीदेखील पोटाची हमी देतेच असे नाही, याचीही नोंद येथे करावयास हवी.

तिष्ठत राहणे वाईट, असे म्हणताना एक सावधगिरी बाळगावी लागते. स्लॅब ओतून झाल्यावर त्यावर गोणपाट अंथरून, पाण्याची आळी करून, निदान सात दिवस तो ओला ठेवावा लागतो. खालचे टेकूही आठ-पंधरा दिवस हलवावयाचे नसतात. गाळा जितका मोठा तितका हा काळ अधिक. या दिवसांत साइटवर काहीच घडत नाही असे दिसते. प्रत्यक्षात सिमेंट आणि पाणी यांचे काम त्याच वेळी चाललेले असते. गतीच्या नावाखाली हे दिवस कापले तर इमारत वेळेवर उभी राहील, परंतु किती काळ, हे कोणी सांगू नये. बिस्किटाचे निवणे आणि काँक्रीटचे मुरणे हे वाया गेलेले काळ नव्हेत. वस्तूला लागणारा वेळ आणि अव्यवस्थेने खाल्लेला वेळ, यांतील भेद ओळखणे हेच या शास्त्राचे मर्म आहे. नेमका तोच भेद घाईत पुसला जातो. महाविद्यालयांत आज कार्यक्षमतेची जी भाषा बोलली जाते तीही येथेच अडखळते. कादंबरी वाचावयास लागणारे आठ दिवस आणि प्रवेशअर्जाच्या रांगेत गेलेले आठ दिवस हे तिच्या तक्त्यात एकाच रकान्यात बसतात.

आणि सर्वांत शेवटी, ज्यांचे तिष्ठणे कोणत्याच रकान्यात बसत नाही ती माणसे. सकाळी साडेसात-आठला मुंबईच्या कोणत्याही उपनगरात नाक्यावर जाऊन पाहावे. गवंडी, बिगारी, रंगारी हातात थापी, ब्रश वा पिशवी घेऊन उभे असतात. कोणी येऊन दोघांना घेऊन जातो, चौघे राहतात. अकराच्या सुमारास उरलेले पांगतात. हा तीन तासांचा काळ ठेकेदाराच्या हिशेबात नाही, विकासकाच्या नाही, आमच्या सोसायटीच्या करारातही नव्हता. किंबहुना ठेकेदाराच्या दृष्टीने ही आदर्श व्यवस्था आहे: हवे तेव्हा, हवे तितके मनुष्यबळ, साठा शून्य. कागदावर तो अगदी 'लीन' दिसतो. त्याचा सारा साठा नाक्यावर उभा आहे आणि त्याचे भाडे ती माणसे स्वतः भरीत आहेत. साइटवर आलेल्यांचेही तेच. आमच्या वहीतील जे गवंडी रेतीसाठी थांबले होते ते चौरस फुटावर काम करणारे होते. त्यांच्या थांबण्याची झळ मालकाला लागतच नव्हती, मग ती कमी करण्याची तळमळ त्याला का वाटावी? नारायण सुर्व्यांनी गिरणीकामगाराला मराठी कवितेत हक्काची जागा मिळवून दिली. नाक्यावरच्या माणसाला तशी जागा मिळालेली निदान आमच्या वाचनात नाही. तो रोज नव्या ठिकाणी असतो, हेही त्याचे एक कारण असेल.

दुसऱ्या टोकाला आम्ही सोळा बिऱ्हाडे होतो. आमचे तिष्ठणे करारात होते, पण केवळ भाड्याच्या रकमेच्या रूपात, आणि तीही पुढे पुढे वेळेवर येईनाशी झाली. तळमजल्यावरच्या आजी बोरिवलीला लेकीकडे राहावयास गेल्या होत्या. दर भेटीत त्यांचा प्रश्न एकच, "आपला कितवा मजला झाला हो?" आम्ही वहीत पाहून सांगत असू. सातवा झाला तेव्हा त्या गेल्या. नव्या इमारतीत त्यांच्या नावाची पाटी त्यांच्या मुलाने लावली आहे.

आमच्या मते 'लीन'ची परीक्षा एकाच प्रश्नाने करावी: या सुधारणेमुळे कोणाचे तिष्ठणे संपले आणि कोणाच्या माथी गेले? कारखान्याचा साठा पुरवठादाराच्या गोदामात ढकलला, ठेकेदाराचा रिकामा वेळ नाक्यावर ढकलला, विकासकाची दिरंगाई वृद्धांच्या आयुष्यात ढकलली, तर काहीही वाचलेले नाही. फक्त हिशेबाची वही बदलली आहे. याउलट मुकादमाला 'नाही' म्हणता आले, रेती वेळेवर आली, गवंड्याचे चार तास वाया न जाता त्याची मजुरी वाढली आणि इमारतही लवकर झाली, तर त्या पद्धतीला कोणतेही नाव शोभेल. पाहणाऱ्याने समोरच्या कामापुढे थोडे नम्र व्हावे, एवढी तिची अट आहे. आणि तेथे आपल्या जुन्या 'लीन' शब्दाला थोडी जागा मिळू शकेल.

पार्ल्यात अजून पुष्कळ इमारती पडावयाच्या आहेत. ज्या सोसायट्या आज करार करीत आहेत त्यांना आमची एक सूचना आहे. चटई क्षेत्र, भाडे आणि गाळ्यांची संख्या यांवर जितका खल होतो त्याच्या दशांश वेळ आणखी एका कलमाला द्यावा. दर आठवड्याला साइटवर बैठक व्हावी, तीत मुकादमांना खुर्ची असावी, गेल्या आठवड्यातील वचने किती पाळली आणि न पाळलेल्यांची कारणे काय हे एका साध्या वहीत लिहिले जावे, आणि ती वही सभासदांना पाहता यावी. माल न आल्यामुळे बसून राहिलेल्या मजुराच्या तासांचा मोबदला त्याला मिळावा, हेही त्याच कलमात असावे. त्या तासांचे पैसे मोजावे लागले की रेती वेळेवर येऊ लागेल, असा आमचा अंदाज आहे. आमची वही त्यांपैकी कोणाला नमुन्यादाखल हवी असेल तर ती आम्ही आनंदाने देऊ.